रद्द, पण कधीपासून?

माझ्या हातून एक शब्द चुकला आणि एका मास्तरांचे पाच महिने गेले. टायपिंगची चूक असती तर खाडाखोड करून, बाजूला सही घेऊन भागलं असतं. ही चूक भाषांतराची होती. मूळ मराठी कागदावर ‘रद्द’ असा शब्द होता. त्याचं इंग्रजी करताना मी ‘रिव्होक’ लिहिलं. लिहायला हवं होतं ‘रिसिंड’.

कंधारच्या कोर्टाजवळ माझं टेबल आहे. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस अशा टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास होऊन मी इथं बसले तेव्हा टेबलावर रेमिंग्टनचं मशीन होतं, आता संगणक आहे. अर्ज, शपथपत्र, संमतीपत्र, वाटणीपत्राचा मसुदा ही रोजची कामं. त्यापलीकडचं काम भाषांतराचं. तालुक्याच्या कोर्टात साक्षी मराठीत होतात, नोटिसा मराठीत असतात, सात-बारा तर मराठीतच. प्रकरण औरंगाबाद खंडपीठाकडे निघालं, की मात्र सगळं इंग्रजीत लागतं. दावा, कैफियत, पंचनामा, फेरफार, एकेका कागदाचं इंग्रजी करून जोडावं लागतं. पुष्कळ वकील हे काम तिकडंच करून घेतात, काहीजण इथून करून नेतात. इथून नेण्यात एक सोय आहे. ‘सौदाचिठ्ठी’ म्हणजे काय, ‘धुरा’ म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. या शब्दांत मी वाढले आहे. म्हणूनच ‘रद्द’ या शब्दाशी मी कधी थांबले नाही. रोज दहा वेळा हाताखालून जाणारा शब्द. त्याला काय पाहायचं, असं वाटायचं.

मास्तरांचं प्रकरण साधं होतं. त्यांनी एका जागेचा सौदा केला, सौदाचिठ्ठी झाली, बयाणा म्हणून दीड लाख रुपये दिले. खरेदीखताची तारीख जवळ आली तेव्हा ताजा सात-बारा काढला, तर ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा. सौद्याच्या वेळी त्यांना जुना उतारा दाखवलेला होता, बोजा चढण्याच्या आधीचा. मास्तरांनी वकिलामार्फत नोटीस दिली: तुम्ही बोजा लपवून आमची फसवणूक केलीत, म्हणून आम्ही सौदा रद्द करत आहोत, बयाणा परत द्या. दावा लागला. मधल्याच एका आदेशावरून प्रकरण वर गेलं आणि ती नोटीस भाषांतरासाठी माझ्या टेबलावर आली.

वरच्या कोर्टात समोरच्या वकिलांनी नेमका माझा शब्द धरला. वादी स्वतःच म्हणतो की त्यानं सौदा ‘रिव्होक’ केला, म्हणजे दिलेला शब्द माघारी घेतला. याचा अर्थ तोवर सौदा चांगलाच होता, पुढं याचं मन बदललं. आणि जो आपण होऊन सौद्यातून अंग काढून घेईल त्याचा बयाणा बुडेल, हे तर सौदाचिठ्ठीतच लिहिलेलं आहे. मास्तरांच्या वकिलांनी मूळ मराठी नोटीस पुढं केली. पण मूळ नोटिशीत तरी काय होतं? ‘रद्द’. तो शब्द दोन्ही बाजूंना चालत होता. शेवटी त्याच्या आधीचं फसवणुकीचं वाक्य कामाला आलं. दुरुस्त भाषांतर शपथपत्रासह दाखल करायला मुदत मिळाली, तारीख पुढं गेली, तिच्या पुढची सुट्टीत अडकली. असे पाच महिने.

मास्तर नंतर टेबलाशी आले तेव्हा रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, या दोन शब्दांत एवढं काय आहे?” मला सांगता आलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्या रात्री वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी इथल्या एका जुन्या वकीलसाहेबांकडे गेले. त्यांच्या खोलीत पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक दगड ठेवलेला असतो. त्यांनी १८७२ चा करार कायदा काढला आणि कलम १९ पासून सुरुवात केली. ज्याची संमती दडपणानं, फसवून किंवा खोटं सांगून घेतली आहे, त्याला करार मोडण्याचा अधिकार आहे. त्यानं तो मोडला की काय होतं ते कलम ६४ आणि ६५ सांगतात: ज्यानं ज्याच्याकडून जे घेतलं असेल ते शक्य तेवढं परत करायचं. दोघांनी सौद्याच्या आधी जिथं होते तिथं जाऊन उभं राहायचं. हे रिसिंड. मधला काळ जणू आलाच नाही, असा हिशेब. रिव्होक वेगळं. प्रस्ताव दिला होता, तो समोरच्यानं स्वीकारण्याआधी माघारी घेतला. अधिकार दिला होता, तो काढून घेतला. परवाना दिला होता, तो परत मागवला. मागं जे झालं ते झालं, इथून पुढं नाही.

“आता हे बघा,” म्हणून त्यांनी कलम ६६ वर बोट ठेवलं. त्या एका वाक्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेले. करार मोडल्याचं कसं कळवायचं, आणि मोडल्याचं कळवणं माघारी कसं घ्यायचं, ते त्यात सांगितलं आहे. म्हणजे रिसिंड केलेलं रिव्होक करता येतं. मी मनातल्या मनात मराठी करून पाहिलं: रद्द केल्याचे रद्द करणे. ते वाक्य कुणाला कळणार? केंद्राच्या कायद्याच्या हिंदी पाठात यासाठी दोन शब्द केले आहेत, रिव्होकला ‘प्रतिसंहरण’ आणि रिसिंडला ‘विखंडन’. अचूक आहेत, पण माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला ते वाचून दाखवले तर तो माझ्याकडे पाहत राहील आणि मग विचारेल, “म्हणजे रद्दच ना?”

त्या दिवसापासून शब्दांच्या मुळाशी जायची सवय लागली. रिव्होक लॅटिनमधून आला. ‘व्होकारे’ म्हणजे बोलावणे, त्याच्याआधी परत या अर्थाचा ‘रे’. माघारी बोलावणे. गुरं पुढं गेली, हाक मारून परत आणली, तसं. ती जितकी वाट चालून गेली तेवढे खुरांचे ठसे राहणारच. रिसिंडमधला ‘स्किंदेरे’ म्हणजे कापणे, चिरणे. कापून वेगळं काढणे. भाषेच्या अभ्यासकांनी या दोन्ही धातूंचं नातं संस्कृतशी लावलं आहे: ‘व्होकारे’ आपल्या ‘वाच्’च्या कुळातला आणि ‘स्किंदेरे’ आपल्या ‘छिद्’च्या. एक वाणीतला, एक सुरीतला. हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला. शब्द परके नव्हते, आपल्याच भावकीतले होते. मी त्यांना ओळखलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर हा फरक आमच्या घरातही होता. माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, निजामाच्या काळात तहसीलमध्ये अहलकार होते. संस्थानाच्या कारभाराची भाषा १८८४ च्या सुमाराला फारसीवरून उर्दू झाली होती. दादा घरी मराठी बोलत, आणि कचेरीत कलम उजवीकडून डावीकडे चालवत. पोलिस ॲक्शननंतर, १९४८ पासून, सगळं हळूहळू बदलत गेलं. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. दादांनी याच नोकरीत कागदाची दिशा बदललेली पाहिली. पुढं म्हातारपणी, मी टायपिंग शिकत होते तेव्हा, ते शेजारी बसून जुने शब्द सांगायचे. मुंतखब, सेतवार, गिरदावर. त्यांतले दोन माझ्या लक्षात राहिले, कारण ते जोडीनं सांगायचे: ‘मनसूख’ आणि ‘कालअदम’.

मनसूख म्हणजे एके काळी लागू होतं, आता नाही. कालअदम म्हणजे जणू नव्हतंच. ‘अदम’ म्हणजे नसणं, ‘क’ म्हणजे जणू. दादा म्हणायचे, हुकूम मनसूख झाला तर त्या हुकमानं दिलेली रक्कम कुणी परत मागत नाही, कालअदम झाला तर दारात शिपाई येतो. मला तेव्हा ते एखाद्या गोष्टीसारखं वाटायचं. मास्तरांच्या प्रकरणातल्या माझ्या चुकीनंतर मला एकदम उमगलं, की दादा रिव्होक आणि रिसिंडच सांगत होते. एक हाताखालचा कारकून, इंग्रजी चार ओळींपलीकडे न येणारा, पण कुठला शब्द वापरल्यावर दारात शिपाई येतो हे त्याला पक्कं माहीत होतं.

मराठीनं त्यांतलं काय ठेवलं? ‘रद्द’ अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ परत करणं, नाकारणं. त्याच्याच घरातली आपली ‘रद्दी’. ‘रद्दबातल’मधला ‘बातल’ म्हणजे खोटं, पोकळ, ज्यात मुळात जीव नाही असं. म्हणजे आपल्याकडेही जोडी होती. रद्द हा मनसूखच्या जवळचा, रद्दबातल कालअदमच्या. वापरून वापरून तिच्या कडा झिजल्या. आज लग्नाची बोलणी फिसकटली तरी रद्द, एसटीची गाडी सुटली नाही तरी रद्द, आणि रद्दबातल म्हणजे फक्त जोरानं म्हटलेलं रद्द. मला याचं वाईट वाटतं. हत्यार आपल्याकडे होतं, आपण त्याला धार लावली नाही.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकाळची उर्दू आणि मोडी दप्तरं पुन्हा उघडली. त्या दिवसांत लोक आपापल्या घरातल्या पेट्या उपसून कागद घेऊन यायचे. मला उर्दू वाचता येत नाही, तरी दादांमुळे दोनचार शब्दांची वळणं ओळखते. एका गृहस्थानं आणलेल्या कागदावर खालच्या बाजूला मी ‘कालअदम’ ओळखला. त्यांना दर्ग्याकडच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे पाठवलं. ते तासाभरानं परत आले ते खिन्न होऊन. पणजोबांच्या नावाच्या ज्या कागदावर त्यांची भिस्त होती, तो त्याच काळात कालअदम ठरवला गेला होता. ‘मनसूख’ असता, तर निदान काही वर्षं तरी तो खरा होता असं म्हणता आलं असतं.

हा फरक फक्त कोर्टापुरता आहे असं वाटत असेल, तर २०१९ चा नोव्हेंबर आठवावा. त्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं आमच्याकडं सोयाबीनच्या गंजींना कोंब फुटले होते. मन्याडच्या खोऱ्यातली काळी जमीन, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. मुंबईत सरकार होत नव्हतं. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. १६ तारखेला राज्यपालांनी मदत जाहीर केली: खरीप पिकांना हेक्टरी ८,००० रुपये, बारमाही फळबागांना हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. आणि २३ तारखेला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राजवट उठली. टीव्हीवर दिवसभर एकच शब्द: राष्ट्रपती राजवट रद्द.

सोमवारी एक शेतकरी मामा माझ्या टेबलाशी आले. हातात पंचनाम्याची झेरॉक्स. “राजवट रद्द झाली म्हनं. मग त्या राजवटीत जाहीर झालेली आमची मदत बी रद्द का?”

हा प्रश्न मला त्या आठवड्यात ऐकलेल्या सगळ्या चर्चांपेक्षा शहाणा वाटला. त्यांनी कुठलाही कायदा वाचला नव्हता. ‘रद्द’ या शब्दात जी फट आहे, ती मात्र त्यांना बरोबर दिसली होती. संविधानाच्या कलम ३५६ मध्ये यासाठी रिव्होक हाच शब्द आहे. उद्घोषणा माघारी घेतली जाते, ती नव्हतीच असं कुणी म्हणत नाही. बारा तारखेपासून तेवीस तारखेपर्यंतचे दिवस राज्याच्या वहीत जसेच्या तसे राहतात. मी मामांना सांगितलं, “राजवट माघारी घेतली. तिनं दिलेलं माघारी घेतलं नाही.” ते थोडा वेळ उभे राहिले, झेरॉक्सची घडी घातली, आणि म्हणाले, “मग तसंच का न्हाई सांगत टीव्हीवर?”

शासनालाही ही फट ठाऊक आहे, आणि ते तिच्यावर झाकण घालतं. केंद्राच्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २१ नुसार ज्याला अधिसूचना काढायचा अधिकार आहे, त्याला ती रिसिंड करायचाही आहे. म्हणजे इथं सरकारनं सुरीचा शब्द घेतला. पण कर आणि सीमाशुल्काच्या अधिसूचना वाचा. एखादी जुनी अधिसूचना रिसिंड करताना हमखास एक शेपूट जोडलेलं असतं: रद्द होण्याआधी जे केलं किंवा करायचं राहिलं, त्या गोष्टी वगळून. ते शेपूट पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी वकीलसाहेबांना फोन करून सांगितलं होतं. सुरी हातात घ्यायची आणि ती मागं कुठवर चालेल याची रेघ आधीच आखून ठेवायची. म्हणजे दोन्ही शब्दांमध्ये दगडी भिंत नाही. जाणते लोकही एकाच्या जागी दुसरा घेतात. पण ज्यानं घेतला तो खाली शेपूट जोडतो, एवढी शिस्त तो पाळतो. आपले शासन निर्णय बऱ्याचदा ‘अधिक्रमित’ म्हणतात, कायदा संपवायचा असेल तर ‘निरसित’. हे दोन्ही चांगले शब्द आहेत, नेमके आहेत. मला भाषांतरात त्यांनी कधी फसवलं नाही. फसवतो तो ओळखीचा ‘रद्द’.

आमच्या भागात ज्या कागदाचं रद्द होणं सगळ्यांत जास्त लागतं, तो जातीच्या दाखल्याचा. पडताळणीत दाखला अवैध ठरला की घरावर वीज पडल्यासारखं होतं. प्रश्न तोच: मधल्या वर्षांचं काय? त्या दाखल्यावर घेतलेलं शिक्षण, लागलेली नोकरी? महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद या खटल्यात, २८ नोव्हेंबर २००० ला, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं दाव्यावर शासनाची बाजू उचलून धरली, पण १९८५-८६ ला प्रवेश घेऊन डॉक्टर झालेल्या त्या माणसाची पदवी काढून घेतली नाही. इतकी वर्षं गेली, त्याच्या शिक्षणावर समाजाचा पैसा खर्च झाला, तो आता डॉक्टर म्हणून काम करतो आहे, त्याला करू द्या. पुढं कितीतरी लोकांनी त्या निकालाचा आधार मागितला. मग ६ जुलै २०१७ ला त्याच न्यायालयानं फूड कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सांगितलं, की मिलिंदला मिळालेली सवलत न्यायालयाच्या कलम १४२ च्या खास अधिकारातली होती. २००० च्या राज्य कायद्याप्रमाणे दाखला गेला की त्यावर मिळालेले लाभही जातात, आणि त्यासाठी फसवायचा हेतू होता हे सिद्ध करावं लागत नाही. दोन्ही निकालांचे उतारे मी टाइप केले आहेत, एकाच आठवड्यात, दोन वेगवेगळ्या अशिलांसाठी. कुठला बरोबर हे सांगणं माझं काम नाही. ज्याची खरी जागा दुसऱ्यानं अडवली त्याचा विचार केला की २०१७ पटतो, आणि ज्यानं वीस वर्षं शाळेत शिकवलं त्याला समोर बसलेलं पाहिलं की २००० आठवतो. दोन्ही वेळा माझ्या कागदावरचा शब्द मात्र तोच: रद्द.

मुखत्यारपत्रांची गोष्ट वेगळी, आणि तुलनेनं सोपी. इथली बरीच माणसं कामाला हैदराबादेला असतात, जाताना भावाला, चुलत्याला मुखत्यारपत्र देऊन जातात. बिनसलं की येऊन म्हणतात, “सुरुवातीपासून रद्द असं लिवा.” तसं होत नाही. अधिकार काढून घेतला, तर मुखत्याराला ते कळेपर्यंत आणि व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या माणसाला ते कळेपर्यंत त्यानं केलेलं टिकतं. कलम २०८. म्हणून मी त्यांना आधी पोस्टात पाठवते. नोटीस पोस्टानं, पोचपावती जपून ठेवायची, मग बाकीचं.

आता मावशींचं सांगते. ही गोष्ट लिहायची म्हणूनच खरं तर हा सगळा कागद काढला.

त्या तालुक्यातल्याच एका गावच्या. नवरा गेल्यावर त्यांनी घर आणि दोन एकर जमीन धाकट्या लेकाला बक्षीसपत्रानं लिहून दिली. बक्षीसपत्रात नेहमीची ओळ होती, की त्यानं आईचा हयातभर सांभाळ करावा. चार वर्षं त्यानं केला. दवाखान्यात नेलं, पंढरीला नेऊन आणलं. मग सून, कर्ज, दारू, काय काय, ते त्यांनी अर्धंच सांगितलं. गेलं वर्षभर त्या लेकीकडे राहतात, आणि घरात पाय ठेवू दिला जात नाही. एका वकिलांच्या चिठ्ठीवर माझ्याकडे अर्ज टाइप करायला आल्या होत्या. मी विचारलं, “मावशी, काय लिहायचं?”

“लिवा, म्या दिलेलं माघारी घेते. माज्या हातानं दिलं, माज्या हातानं घेते.”

माघारी घेते. रिव्होक. मावशींनी न शिकता नेमका शब्द उचलला होता. आणि कायदा तिथंच त्यांना अडवतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १२६: देणाऱ्याच्या नुसत्या मर्जीवर माघारी घेता येईल अशी देणगी देणगीच होत नाही. दिलं ते दिलं. त्याच कलमात पुढं एक वाट आहे, आणि तिथंही आमची जोडी हजर आहे: ज्या कारणांनी एखादा करार रिसिंड करता आला असता, त्या कारणांनी देणगी रिव्होक करता येते. म्हणजे दडपण आणलं होतं, फसवून लिहून घेतलं होतं असं दाखवा, मग माघारी घ्या.

मी त्यांना शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “फशिवलं न्हाई त्यानं. तवा लई गुनाचा व्हता.”

मी थांबले. इतकी वर्षं मी हा फरक व्यवहाराचा म्हणून पाहत आले होते: पैसे परत मिळतात की नाही, जमीन परत येते की नाही. मावशींना घर परत हवं होतं, पण चार वर्षं परत द्यायची नव्हती. दवाखाना, पंढरी, संध्याकाळी दारात बसून त्यानं दिलेला चहा, हे सगळं कापून काढायला त्या तयार नव्हत्या. रिसिंड करायचं तर म्हणावं लागेल की ते देणं मुळातच नासकं होतं. त्यांना ते खोटं वाटत होतं. आणि ते खोटंच होतं.

एक वाट उरली होती आणि वकिलांनी चिठ्ठीत तीच लिहिली होती. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा, कलम २३. सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर देणाऱ्याच्या इच्छेनुसार उपविभागीय अधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण ते हस्तांतरण शून्य ठरवू शकतं. सांभाळाची अट कागदात असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ च्या निकालात याच कायद्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या बाजूनं, उदारपणे पाहावं असंही सांगितलं. मावशींच्या कागदात ती ओळ होती. अडचण कलमाच्या भाषेत होती. सांभाळ केला नाही तर ते हस्तांतरण फसवणुकीनं, दडपणानं किंवा गैरवाजवी प्रभावानं झालं असं ‘मानण्यात येईल’. कायदा आज पाहतो आणि मागं जाऊन त्या दिवसावर शिक्का मारतो, ज्या दिवशी आईनं खुशीनं अंगठा दिला होता.

मी तो भाग त्यांना वाचून दाखवला. न वाचता टाइप करून अंगठा घेतला असता तर काम दहा मिनिटांचं होतं. पण मास्तरांच्या त्या पाच महिन्यांनंतर मी तसं करत नाही.

“म्हंजे माज्या लेकानं फशिवलं असं म्या म्हनायचं?”

“तुम्ही म्हणायचं नाही, मावशी. तुम्ही फक्त सांगायचं की अट होती आणि त्यानं ती पाळली नाही. बाकीचं कायदा धरून चालतो.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. समोरच्या रस्त्यानं किल्ल्याकडे जाणाऱ्या शाळेच्या सहलीची पोरं ओरडत चालली होती. लेकीनं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी बाजूला सारली.

“कायद्यानं काय धरायचं ते धरू दे. म्या न्हाई म्हननार. म्होरं लिवा.”

वकिलांना फोन केला. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात एक वाक्य घालू का, असं विचारलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, घाला, कलम २३ ला त्यानं बाध येत नाही. मग मी लिहिलं: ‘अर्जदाराने सदर मालमत्ता मुलास राजीखुशीने व मायेने दिली होती आणि पहिली चार वर्षे मुलाने अर्जदाराचा चांगला सांभाळ केला.’ त्याखाली अट, अटीचा भंग, तारखा, आणि शेवटी विनंती. विनंतीत ‘रद्द’ हा शब्द मी लिहिला नाही. कलमात आहे तसं ‘शून्य घोषित करावे’ लिहिलं.

छापून निघालेला अर्ज मी त्यांना पूर्ण वाचून दाखवला. पहिला परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचताना लेकीकडे पाहून म्हणाल्या, “हे त्याला बी वाचून दावतील का तिथं?” मी म्हटलं, “हो. नोटिशीसोबत त्याला पूर्ण प्रत जाते.” त्यांनी पदरानं अंगठा पुसला आणि शाईच्या पॅडकडे हात पुढं केला.